लिस्बनशी मैत्री आहे, तर ती कामाला लावा: पणजीच्या महापौरांना आणि नगरसेवकांना खुले पत्र

माननीय महापौर आणि पणजी महानगरपालिकेचे सर्व नगरसेवक यांस,

सप्रेम नमस्कार.

पणजी आणि लिस्बन ही मैत्री-शहरं म्हणून नोंदलेली आहेत. मार्केटात मासळी घ्यायला आलेल्यांना विचारून पाहा, बहुतेकांच्या हे गावीही नसेल. ज्यांना ठाऊक आहे त्यांतल्या काहींना त्याचा अभिमान वाटतो, काहींना संताप येतो. मी तिसऱ्या गटातला. मैत्री आहे ना, मग त्यातून शहराच्या पदरात काय पडलं, असं विचारणारा. घरपट्टी भरणाऱ्या माणसाला ही सवय लागतेच.

लिस्बनचं नाव निघालं की आपल्याकडचा थाट ठरलेला असतो. फादोची, म्हणजे पोर्तुगीज गाण्यांची, मैफल, फोंताईन्हास या जुन्या वस्तीच्या पिवळ्या-निळ्या भिंतींसमोर फोटो, थोडं खाणं, थोडी वाईन, आणि भाषणात हमखास ‘साडेचारशे वर्षांचे ऋणानुबंध’. फादो मला मनापासून आवडतो. पण त्या साडेचारशे वर्षांना ऋणानुबंध म्हणताना वक्त्याची जीभ अडखळत कशी नाही, याचं नवल वाटतं. त्याच वर्षांत इन्क्विझिशन, म्हणजे चर्चचं धर्मन्यायालय, होतं, १५६० पासून १८१२ पर्यंत, मधल्या थोड्या खंडासह. त्याच वर्षांत तिसवाडी, बार्देश आणि साष्टीतल्या कितीतरी घराण्यांचे कुलदेव रातोरात नदी ओलांडून अंत्रुज महालात, म्हणजे फोंड्याकडे, गेले आणि आजही तिथेच आहेत. १६८४ मध्ये विजरईनं, म्हणजे पोर्तुगीज राजाच्या इथल्या प्रतिनिधीनं, कोंकणीवर बंदीचा हुकूम काढला. खुद्द पणजीत हिंदूंना पहिलं देऊळ उभारायची परवानगी मिळाली ती १८१८ मध्ये, महालक्ष्मीच्या देवळाला. तेव्हा १५१० मध्ये गोवा जिंकणाऱ्या अल्बुकर्कच्या विजयाला तीनशे वर्षं उलटून गेली होती.

हुकूम सोडणारा आणि तो पाळणारा यांच्यात करार होतात, मैत्री होत नाही. म्हणून माझी पहिली विनंती अशी की लिस्बनशी असलेल्या मैत्रीचा हिशेब १५१० पासून मांडणं बंद करावं. तिला जन्मतारीख द्यायचीच असेल तर २५ एप्रिल १९७४ ही द्या.

त्या दिवशी लिस्बनमध्ये लष्कराच्या तरुण अधिकाऱ्यांनी जवळजवळ अर्धशतक चाललेली हुकूमशाही उलथवली. लोक रस्त्यावर आले आणि सैनिकांच्या बंदुकांच्या नळ्यांत त्यांनी लाल कार्नेशनची फुलं खोवली. हुकूमशहा सालाझार १९७० मध्येच वारला होता, पण गोवा हा पोर्तुगालचाच प्रांत आहे हे त्याचं तुणतुणं त्याच्या वारसांनी तोपर्यंत वाजवत ठेवलं होतं. १९ डिसेंबर १९६१ ला गोवा मुक्त झाला, तरी लिस्बनच्या कागदांवर तो पुढची तेरा वर्षं मुक्त नव्हता. हुकूमशाही पडली आणि त्याच वर्षी, ३१ डिसेंबर १९७४ रोजी, नवी दिल्लीत करार होऊन पोर्तुगालनं गोवा, दमण, दीव आणि दादरा-नगर हवेलीवरचं भारताचं सार्वभौमत्व मान्य केलं. भारताच्या वतीनं सही केली यशवंतराव चव्हाणांनी, पोर्तुगालच्या वतीनं मारियो सोआरिश यांनी. दोघेही परराष्ट्रमंत्री आणि दोघेही तुरुंगात राहून आलेले, एक इंग्रजांच्या, दुसरे स्वतःच्याच देशातल्या हुकूमशाहीच्या. लिस्बनशी आपली मैत्री होऊ शकली ती या दोन सह्यांमुळे. आपल्या एखाद्या तरी कार्यक्रमात या सह्यांचा उल्लेख झाला असेल, तर तो माझ्या कानावर आलेला नाही.

मांडवीच्या पलीकडच्या काठावर बेती आहे. फेरीबोटीनं रोज शेकडो लोक तिथून पणजीत येतात. १९५५ च्या ऑक्टोबरमध्ये त्याच बेतीच्या पोलीस ठाण्यावर आझाद गोमंतक दलानं हल्ला केला. त्यात गोळ्या लागून पकडले गेलेले मोहन रानडे मूळचे सांगलीचे. मराठीचे शिक्षक म्हणून ते गोव्यात आले होते. त्यांना २६ वर्षांची शिक्षा झाली आणि पुढं त्यांना पोर्तुगालला नेऊन लिस्बनजवळच्या काशियशच्या किल्ल्यात ठेवलं. गोवा मुक्त झाल्यावर इथले तुरुंग उघडले, पण रानडे तिकडेच होते. त्यांच्या सुटकेसाठी महाराष्ट्रात समिती झाली, सुधीर फडके त्यासाठी वणवण फिरले. तमिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपना गळ घातली. रानडे सुटले ते जानेवारी १९६९ मध्ये. म्हणजे गोव्याच्या मुक्तीनंतरही सात वर्षं हा माणूस गोव्यासाठी लिस्बनच्या वेशीवर कैदेत होता. तेलू मास्कारेन्हास तर त्यांच्याही नंतर सुटले. त्यांच्या आधीच्या पिढीत त्रिस्तांव ब्रागांझ कुन्हा, पुरुषोत्तम काकोडकर, डॉ. राम हेगडे, लक्ष्मीकांत भेंब्रे यांना पेनिशच्या समुद्रकाठच्या किल्ल्यात डांबलं होतं.

आता दुसरी बाजू पाहा. काशियश आणि पेनिशच्या कोठड्यांत शेजारी कोण होतं? पोर्तुगीजच. कामगार संघटनांचे लोक, कम्युनिस्ट, लेखक, विद्यार्थी. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनकरांनी पहिल्या दोन-तीन दिवसांत काय केलं असेल, तर या दोन तुरुंगांचे दरवाजे उघडले. ज्या राजवटीनं आमच्या माणसांना कोंडलं तिनंच त्यांच्याही माणसांना कोंडलं होतं. तिला शेवटी पाडलं ते त्यांच्याच लोकांनी. मला लिस्बन शहराबद्दल आपुलकी वाटते ती या कारणानं. फादोबद्दलची वेगळी.

लिस्बनमध्ये कॅथेड्रलला लागून आल्जुब नावाची जुनी इमारत आहे. १९६५ पर्यंत तिथं राजकीय कैद्यांचा तुरुंग होता. अंगोलाचे पुढं पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले आगोस्तिन्यू नेतू तिथं होते, सोआरिशही होते. २०१५ पासून तिथं प्रतिकार आणि स्वातंत्र्य यांचं संग्रहालय आहे आणि ते लिस्बनच्या नगरपालिकेच्या अखत्यारीत येतं. म्हणजे आपली जी मैत्री-नगरपालिका आहे, तिच्याच. इकडे मांडवीच्या मुखाशी आग्वादचा तुरुंग आहे, जिथं आमचे स्वातंत्र्यसैनिक होते आणि जिथं आता त्यांचं स्मारक-संग्रहालय झालं आहे. कुन्हा तर आग्वाद पाहून मग पेनिशला गेले. या दोन संग्रहालयांचा एकमेकांशी पत्रव्यवहारही नसावा, हे मैत्रीच्या कुठल्या व्याख्येत बसतं? आग्वाद महापालिकेच्या ताब्यात नाही, राज्य सरकारकडे आहे, हे मला माहीत आहे. पण ओळख करून द्यायला ताबा लागत नाही. आल्जुबच्या एका खोलीत गोव्याच्या कैद्यांचं छोटं प्रदर्शन, आग्वादमध्ये काशियश-पेनिशच्या पोर्तुगीज कैद्यांचं, मजकूर मराठी, कोंकणी आणि पोर्तुगीजमध्ये. खर्च एका सांस्कृतिक महोत्सवाच्या मंडपाएवढाही येणार नाही. आणि २५ एप्रिलला आझाद मैदानावर तासाभराचा कार्यक्रम. स्वातंत्र्यसैनिकांच्या कुटुंबांना यापुढं लिस्बनच्या कार्यक्रमांवर बहिष्कार घालायची वेळ येणार नाही.

जाता जाता एक गंमत. पणजीत १८ जून रस्ता आहे, तो १९४६ च्या मडगावच्या सभेचा, डॉ. लोहियांचा. फोंताईन्हासमध्ये ३१ जानेवारी रस्ता आहे, तो १८९१ मध्ये पोर्तो शहरात राजेशाहीविरुद्ध झालेल्या आणि फसलेल्या उठावाचा. दोन्ही रस्ते बंडांच्या नावांचे. त्यांचं बंड आपण पुसलं नाही, हे चांगलंच झालं.

आता पाण्याकडे येतो, कारण माझ्या पत्राचा जडभार तिकडे आहे आणि महापालिकेचं खरं कामही तेच आहे.

नकाशा डोळ्यासमोर आणा. मधोमध आल्तिनोची टेकडी. उत्तरेला मांडवी, पूर्वेला मळा नावाची वस्ती आणि फोंताईन्हास यांना वळसा घालणारी ओरेंची खाडी, पश्चिमेला कांपाल-मिरामारची वाळू आणि ताळगावच्या शेतांकडून शहरातून वाहत येणारी सांतिनेजची खाडी, जिला आता सगळे नाला म्हणतात. टेकडी आणि या पाण्यांच्या मधे जी सपाट पट्टी, तीच पणजी. ही पट्टी बरीचशी माणसानं केलेली आहे. १६३० च्या दशकात कोंदे द लिन्यारिश या विजरईनं रायबंदरपर्यंत तीन किलोमीटरच्या वर लांबीचा बांधीव रस्ता-पूल घातला, तो दलदलीतूनच. नंतर दों मान्युएल द पोर्तुगाल ई काश्त्रू, १८२७ ते १८३५ मधला विजरई, यानं वाळूच्या टेकड्या सपाट केल्या, दलदली भरल्या आणि सरळ रस्ते आखले. १८४३ मध्ये राजाज्ञेनं पणजीला शहराचा दर्जा आणि ‘नोव्हा गोवा’ हे नाव मिळालं. थोडक्यात, आपण भरावावर राहतो. पावसाच्या पाण्याला आपली जुनी वाट आठवते आणि ते दर आषाढात मळ्यात, १८ जून रस्त्यावर, सांतिनेजला हजर होतं.

लिस्बनची गोष्ट वेगळी नाही. तिथं टेकड्या जास्त आणि समोर तेजू नदीचं विशाल मुख, पण त्यांचा बायशा भाग, म्हणजे त्यांचं १८ जून रस्त्यासारखं व्यापारी पोट, हाही मुळात नदीचा आत घुसलेला फाटा होता. रोमनांच्या काळी भरतीचं पाणी आजच्या रोसियू चौकापर्यंत यायचं. पुढं तो फाटा बुजला, वर शहर वसलं. १ नोव्हेंबर १७५५ च्या भूकंपात ते कोसळलं, मागोमाग समुद्राची लाट आली आणि उरलेलं आगीत गेलं. पोर्तुगालच्या राजाचा मंत्री मार्केश द पोम्बाल यानं ते नव्यानं उभारलं तेव्हा त्या भुसभुशीत गाळात पाइनच्या लाकडाचे खांब ठोकून त्यांवर पाये रचले आणि भिंतींच्या आत लाकडी सांगाडे घातले, धक्का बसला तर इमारत डोलावी पण पडू नये म्हणून. ते खांब आजही जमिनीखाली आहेत. पाण्यात बुडून राहतात तोवर कुजत नाहीत, भूजल खाली गेलं की धोका. म्हणून तिथल्या अभियंत्यांना पाऊस तर सांभाळावा लागतोच, पण जमिनीखालचं पाणी कमी होणार नाही हेही पाहावं लागतं.

आणि हाच पोम्बाल जुन्या गोव्याच्या बाबतीत हरला. ‘ज्यानं गोवं पाहिलं त्यानं लिस्बन नाही पाहिलं तरी चालेल’ अशी म्हण ज्या शहराबद्दल होती, ते जुनं गोवं लढाईनं संपलं नाही. ते रोगराईनं रिकामं झालं. जांभा दगड सच्छिद्र, घराघरांतला मैला जमिनीत मुरून विहिरींत उतरायचा. साथीमागून साथी आल्या, माणसं मेली, उरलेली निघून गेली. विजरईंनी आधी पाणेलीला आणि मग १७५९ मध्ये पणजीत, आदिलशहाच्या जुन्या राजवाड्यात, मुक्काम हलवला. १७७० च्या दशकात लिस्बनमधून फर्मानं सुटली की जुनी राजधानी पुन्हा उभी करा. पैसे गेले, मजूर मेले, शहर उठलं नाही. पणजी राजधानी झाली ती या पराभवातून. आपल्या शहराचा जन्मच सांडपाण्याच्या गैरव्यवस्थेतून झाला आहे, हे गटारांवर चर्चा करणाऱ्या प्रत्येक सभेआधी वाचून दाखवावं अशी माझी सूचना आहे. अर्धी थट्टेत.

आज लिस्बन काय करत आहे? त्यांनी २०१६ ते २०३० अशी मुदत घालून शहराची निचरा योजना आखली आणि ती लोकांसमोर ठेवली. तिच्यात दोन मोठे बोगदे आहेत. एक मोन्सांतू टेकडीपासून सांता आपोलोनियापर्यंत, सुमारे पाच किलोमीटरचा, आणि दुसरा शेलश ते बियातू, सुमारे एक किलोमीटरचा. आतला व्यास साडेपाच मीटर. कल्पना साधी आहे. वरच्या वस्त्यांवर पडलेलं पाणी सखल भागात उतरण्याआधीच अडवायचं, बोगद्यात घालायचं आणि सरळ तेजूत सोडायचं, म्हणजे बायशा आणि आल्कांतराला फक्त स्वतःच्या डोक्यावरचा पाऊस सोसावा लागेल. पहिल्या सरीबरोबर रस्त्यावरची घाण धुऊन येते, ती नदीत जाऊ नये म्हणून वाटेत साठवण टाक्या आहेत. जोराचा पाऊस आणि भरती एका वेळी आली की गटारांची तोंडं बंद होतात आणि शहर तुंबतं, हा त्यांचा जुना आजार. डिसेंबर २०२२ मध्ये त्यांनी तो पुन्हा भोगला.

हा परिच्छेद पुन्हा वाचा आणि तेजूच्या जागी मांडवी घाला.

अर्थात फरक आहेत. लिस्बनमध्ये वर्षाला साधारण ७०० मिलिमीटर पाऊस पडतो आणि तो हिवाळ्यात. पणजीत ३००० च्या आसपास, आणि जवळजवळ सगळा चार महिन्यांत. त्यांच्या शहरात साडेपाच लाख माणसं, आपल्याकडे २०११ च्या जनगणनेत चाळीस हजार. तेव्हा त्यांचे बोगदे उचलून इथं आणा, असं मी म्हणत नाही. आल्तिनोखालून बोगदा खोदायची कल्पना कुणाला सुचू नये, म्हणून हे आताच लिहून ठेवतो. स्मार्ट सिटीच्या खोदकामाची धूळ अजून आमच्या पडद्यांवर आहे. पण टेकडीचं पाणी आणि सखलातलं पाणी वेगळं करण्याचा विचार, भरतीचं वेळापत्रक धरून गटारांची तोंडं आखण्याचा विचार, आणि पंधरा वर्षांची योजना सत्तापालटातूनही टिकवण्याची शिस्त, या गोष्टी बोगद्याशिवायही शिकता येतात.

शिवाय देण्यासारखं आपल्याकडेही आहे. तिसवाडीची खाजनं, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेतं, ही पोर्तुगीज येण्याच्या कितीतरी आधीची. खाऱ्या पाण्याला अडवणारा बांध, बांधात मानस, मानशीला लाकडी दारं. भरती चढली की पाण्याच्या दाबानं दारं आपोआप मिटतात, ओहोटीला आतलं पाणी त्यांना ढकलून बाहेर पडतं. ना वीज, ना पंप. बांध फुटला की गावकारीनं, म्हणजे गावच्या सामूहिक संस्थेनं, एकत्र येऊन तो सांधायचा, ही व्यवस्थाही त्यातच. तेजूच्या पलीकडच्या काठावर भरतीवर चालणाऱ्या पिठाच्या गिरण्या होत्या. कोरोइशची गिरणी १४०३ ची, आज संग्रहालय म्हणून राखलेली. तिथंही दारं आहेत, फक्त उलटी: भरतीचं पाणी आत घेतात, ओहोटीला कोंडून धरतात आणि मग चाकावर सोडतात. मानशीचं दार करणारा आपला सुतार आणि त्या गिरणीचा राखणदार यांना एका बाकावर बसवलं, तर दुभाषा लागेलच, पण फार वेळ नाही.

रायबंदरच्या बांधीव रस्त्यावरून जाताना बाजूला मिठागरं दिसायची, काही अजून आहेत, काही पडीक पडली, काहींवर कांदळ वाढलं. भरतीचं पाणी शहराऐवजी पसरायला जी जागा हवी, ती हीच. लिस्बनमध्ये १९९८ मध्ये तेजूवर वास्को द गामाच्या नावाचा लांबलचक पूल झाला. त्याच्या दक्षिण टोकाला सामोकूची मिठागरं आहेत. पुलामुळे निसर्गाचं जे नुकसान झालं त्याची भरपाई म्हणून ती मिठागरं राखायला एक स्वतंत्र प्रतिष्ठान स्थापन झालं, आणि तिथं आजही मीठ पिकतं, फ्लेमिंगो उतरतात. आपण मांडवीवर एकामागून एक पूल बांधले. पहिला १९८६ च्या जुलैत कोसळला तेव्हा फेरीबोटींनी शहर तगवलं होतं, हे जुन्या माणसांना आठवत असेल. दुसरा झाला, मग तिसरा, २०१९ मध्ये अटल सेतू. एकाही पुलाच्या हिशेबात रायबंदर-मेरशीच्या मिठागरांसाठी असं काही प्रतिष्ठान निघालं नाही. पूल बांधणं महापालिकेच्या हातात नव्हतं, मान्य. पण लिस्बनचा हा दाखला सरकारपुढं ठेवणं हातात आहे.

आता कागदांबद्दल. १७५९ मध्ये पणजीत राहायला आलेला विजरई कोंदे द एगा. त्याच्या घराण्याचा लिस्बनमधला वाडा आज काय आहे, तर पोर्तुगालच्या वसाहतींच्या कागदपत्रांचं दफ्तरखाना, आर्किव्हू इश्तोरिकू उल्त्रामारिनू. पणजीला राजधानी करणाऱ्या माणसाच्या वाड्यात पणजीचे आराखडे, पत्रं आणि हिशेब पडून आहेत. इकडे गोव्याचं स्वतःचं पुराभिलेखागार १५९५ पासूनचं, दियोगू दु कोतू त्याचा पहिला रक्षक. मोसमी वाऱ्यांच्या जहाजांतून लिस्बनशी जो पत्रव्यवहार चालायचा, त्याच्या वह्यांपैकी काही खंड अठराव्या शतकात तिकडे नेले गेले, बाकीचे इथं आहेत. एकाच वहीमालेचे हे दोन तुकडे दोन मैत्री-शहरांत.

डॉ. पांडुरंग पिसुर्लेकरांसारखा माणूस होता तोवर या कागदांना वाचक होता. सत्तरी तालुक्यातल्या पिसुर्ल्याचा हा मुलगा पोर्तुगीज आणि मोडी दोन्ही सहज वाचायचा, आणि पोर्तुगीज-मराठे संबंधांचा इतिहास त्यानं दोन्ही बाजूंच्या दफ्तरांतून जुळवला. संभाजीराजांची १६८३ ची गोव्यावरची स्वारी आपल्याला बखरीपलीकडे तपशिलात कळते ती अशा लोकांच्या मेहनतीवर. आज पोर्तुगीज वाचणारे आहेत, मोडी वाचणारे आहेत, दोन्ही वाचणारे मात्र बोटांवर मोजावेत इतके. लिस्बन शहराकडे शिष्यवृत्ती मागायचीच असेल तर ती यासाठी मागा: गोव्यातल्या पदवीधरांनी तिकडे जाऊन पणजीचे जुने नकाशे आणि आराखडे शोधावेत, त्यांच्या स्कॅन केलेल्या प्रती पणजीत याव्यात. हे इतिहासाचं कौतुक नाही. सांतिनेजचा आणि ओरेंचा मूळ प्रवाह कुठून जात होता, कुठली तळी बुजवली, कुठं मानस होती, हे त्या नकाशांतून कळू शकतं, आणि मळ्यात पाणी का तुंबतं याचं अर्धं उत्तर तिथं असू शकतं. निविदा काढण्याआधी हे पाहायला हवं. निविदेनंतर पाहिलं तर ते नुसतं भिंतीवर टांगायच्या कामाचं.

माणसांचे धागेही आहेत, पण त्यांचा गाजावाजा पुरेसा झाला आहे, म्हणून थोडक्यात. आंतोनियू कोश्ता २००७ ते २०१५ लिस्बनचे महापौर होते, मग पंतप्रधान झाले. त्यांचे वडील ओर्लांदू दा कोश्ता मडगावात वाढलेले लेखक, सालाझारशाहीला विरोध करून तुरुंगात गेलेले. म्हणजे इथंही तुरुंगच! चार्ल्स कोरियांनी कांपालला मांडवीच्या काठी कला अकादमी बांधली, आणि उतारवयात लिस्बनला तेजूच्या काठी शांपालिमो संशोधन केंद्र, जे २०१० मध्ये खुलं झालं. दोन्हीकडे इमारतीच्या पोटातून वाट काढून माणसाला नदीपर्यंत नेलं आहे. नदीकडे पाठ करून बांधू नका, हे आपल्या नगररचनाकारांना सांगायला दोन शहरांत मिळून याहून चांगला दाखला नाही. कला अकादमीच्या दुरुस्तीवरून जे रामायण झालं, त्यात मी इथं शिरत नाही.

एक शंका येईल ती आधीच घेतो. ‘ज्यांनी राज्य केलं त्यांच्याकडून शिकायचं काय?’ असं सभागृहात कुणीतरी म्हणेल, आणि टाळ्याही मिळतील. माझं म्हणणं असं की गोव्यात आजही १८६७ चा पोर्तुगीज दिवाणी कायदा चालतो, आणि १९६१ पूर्वीच्या जन्मनोंदी घेऊन माणसं पासपोर्टसाठी लिस्बनच्या रजिस्ट्रीचे उंबरठे झिजवतात. एवढं सगळं खाजगी फायद्यासाठी चालतं, तर शहराच्या फायद्यासाठी थोडं चालायला हरकत नसावी. आणि जे त्या चार शतकांचं गुणगान करतात त्यांनाही सांगायला हवं की पणजीकर लिस्बनकडे बरोबरीच्या नात्यानं पाहील, नॉस्टॅल्जियाच्या खिडकीतून नाही.

तर मागणी अशी. मैत्री-करारात नेमकं काय लिहिलं आहे, ते मराठी आणि कोंकणीत नागरिकांसमोर ठेवा. शासकीय भाषा कायदा १९८७ चा आहे, त्यामुळे अनुवादक सापडायला हरकत नाही. करारात निचरा, खाजन आणि मिठागरं, नकाशे व दफ्तरं, आणि तुरुंग-संग्रहालयं हे विषय नसतील तर ते घालून घेण्याचा प्रस्ताव लिस्बनला पाठवा. अभ्यासदौरा ठरला तर पहिल्या खेपेला नगरसेवकांनी घरी थांबावं. नाल्यांचे कनिष्ठ अभियंते, पुराभिलेखातला एखादा मोडीवाचक आणि खाजनाचा जाणकार शेतकरी यांना पाठवावं. रागावू नका, दुसऱ्या खेपेला आपणही जा. आणि तिकडून पाहुणे आले की त्यांना फोंताईन्हास दाखवण्याआधी जुलैतल्या एका भरतीच्या सकाळी मळ्यात आणा. छत्र्यांची सोय आम्ही करू.

येत्या सर्वसाधारण सभेच्या विषयपत्रिकेवर हा विषय घेणार की नाही, एवढं लेखी कळवावं. घेणार नसाल तर कारणासह.

आपला नम्र,
मळ्यातला एक करदाता